नाही म्हणणारी घरं

"परवडत नाही," अलका शेटे दारातूनच म्हणाल्या.

त्यांच्या मागे, फाटकाच्या आत, त्यांचे यजमान नवी गाडी धूत होते. बोनेटवर पूजेचा हार अजून तसाच होता आणि कुंकवाचा ओघळ पाण्याबरोबर बंपरवर उतरत होता. घर दुमजली, खाली हार्डवेअरचं दुकान, गच्चीवर सोलरच्या टाक्या. मी कागदावर पेन टेकवलं आणि तरीही एकदा विचारलं, "वहिनी, घरपट्टीवर थोडाच कर वाढणार आहे. क्रीडा भवनाला पोहण्याचा तलाव होईल, मोठा हॉल होईल. तरीपण नाही?"

"नाही. परवडत नाही असंच लिहा."

"सध्या भवनात तुमच्याकडचं कुणी जातं का?"

"जात होती."

"कोण?"

आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला. अलकावहिनींनी वळून पाहिलं नाही. शेट्यांनी मात्र नळ बंद केला आणि ओलं फडकं हातात धरून ते तिथेच उभे राहिले.

"आता कुणी जात नाही," वहिनी म्हणाल्या. "झालं ना तुमचं?"

मी बाहेर पडले. बोळाच्या तोंडाशी गजानन माळवदे मोटारसायकलला टेकून उभा होता. तो नगरपरिषदेच्या वसुली खात्यातला. गावात नवखी बाई कुठं भटकणार, म्हणून मला वाट दाखवायला दिलेला माणूस.

"काय म्हणाल्या शेटेबाई?" त्यानं विचारलं.

"ते सांगता येत नाही. लोकांना तसा शब्द दिलाय आम्ही."

"मी काय पेपरात छापणाराय व्हय?" तो हसला. गाडीला किक मारता मारता शेट्यांच्या वरच्या खिडकीकडं बघत म्हणाला, "बराच वेळ उभ्या होतात पण."

या गोष्टीला आता सोळा-सतरा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेत होते. लोकांची मतं गोळा करायची, हे आमचं काम. कुठल्या गावाला कुठली बस हवी, कुठला साबण खपेल, कुठला उमेदवार चालेल, असलं काहीही विचारत आम्ही जिल्हेच्या जिल्हे पालथे घालत असू. बोरवंडीचं काम त्या मानानं साधं होतं. तिथल्या नगरपरिषदेला यमुनाबाई रणनवरे क्रीडा भवन वाढवायचं होतं आणि त्यासाठी घरपट्टीवर वेगळा कर बसवायचा होता. निवडणूक वर्षावर आलेली. कर लादला तर मतदार नगरसेवकांना घरी बसवतील का, एवढंच कळायला हवं होतं.

यमुनाबाई म्हणजे भाऊसाहेब रणनवऱ्यांच्या आई. भाऊसाहेबांकडं स्वतःचं कुठलंच पद नव्हतं, नगराध्यक्ष त्यांच्या पत्नी होत्या. पण गावात कुणाचं लग्न कुठल्या हॉलवर होणार इथपासून कुणाच्या गल्लीत पाणी किती वाजता सुटणार इथपर्यंत सगळं त्यांना विचारून व्हायचं. पहिल्या भेटीत ते मला फार समंजस वाटले होते. बहुतेक पुढाऱ्यांना स्वतःची तारीफ ऐकायची असते. हे म्हणाले, "मॅडम, हो म्हणणारे मला माहीत आहेत. तुम्ही नाही म्हणणारे शोधा. मला तेच पाहिजेत."

मी संस्थेत फोन करून साहेबांना सांगितलंही, गिऱ्हाईक समजदार आहे.

भवनही चांगलं होतं. लाकडी फरशीचं बॅडमिंटन कोर्ट, ज्युदोच्या गाद्या, व्यायामाची यंत्रं. संध्याकाळी पोरांचा नुसता कल्ला. प्रशिक्षक विक्रांत सर भाऊसाहेबांच्या बहिणीचा मुलगा. तिशीतला, उंच, मृदू बोलणारा. त्यानं स्वतः हिंडून सगळं दाखवलं. भिंतीवर गेल्या काही वर्षांतल्या स्पर्धांचे फोटो होते. जुन्या फोटोंत मुली पुष्कळ दिसत होत्या, गळ्यात पदकं घातलेल्या.

"आता मुली दिसत नाहीत?" मी विचारलं.

"दहावी-बारावीचा अभ्यास असतो हो मॅडम," तो म्हणाला. "पालक सोडत नाहीत. तलाव झाला की परत येतील. पोहायला सगळ्यांनाच आवडतं."

त्या वेळी यात काही खटकण्यासारखं नव्हतं.

खटकायला लागलं ते दुसऱ्या दिवशी. नियमाप्रमाणे पैसेवाले कराला हो म्हणतात आणि हातावर पोट असणारे नाही म्हणतात. बोरवंडीत उलटंच होतं. कुंभार आळीत, तालमीमागच्या पत्र्याच्या खोल्यांत माणसं आनंदानं हो म्हणत होती. पोरं खेळतील, व्यसनाला लागणार नाहीत, करा की तलाव. आणि पेठेतली पक्की घरं, डॉक्टर, सराफ, शाळेचे मुख्याध्यापक म्हणत होते, परवडत नाही. तेच दोन शब्द, त्याच सुरात. पुढचा प्रश्न विचारला की दार हळूहळू लोटायला लागायचं. एका घरात तर सासू हो म्हणत असताना आतून सून आली, सासूच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आमचं नाही आहे." सासूनं तिच्याकडं पाहिलं आणि गप्प झाली.

आणि प्रत्येक बोळाच्या तोंडाशी गजानन. मी कुठल्या घरात किती थांबले, बाहेर आले तेव्हा तोंड कसं होतं, सगळं बघत असायचा. विचारायचा मात्र काही नाही. ते विचारणं त्यानं पहिल्या दिवशीच सोडलं होतं. त्याला विचारायची गरज उरली नव्हती, हे मला नंतर कळलं.

दिवेलागणीला मी लॉजवरच्या खोलीत पलंगावर कागद पसरले. आमच्या कागदांवर नाव नसे, फक्त घराचा नंबर, पेठ, जात, मिळकत, घरात कोण कोण, किती वयाचं, आणि भवनात कोण जातं किंवा जायचं, एवढं. हो एकीकडं, नाही एकीकडं असे ढीग लावले. मग नाहीचा ढीग पुन्हा पाहिला. मिळकत पाहिली, जात पाहिली, पेठ पाहिली. कशानंच जुळेना. मग घरातल्या माणसांच्या रकान्यावरून बोट फिरवत गेले आणि बोट थांबलं. मुलगी, चौदा. मुलगी, तेरा. मुलगी, पंधरा. पुढच्या कागदावरही. त्याच्या पुढच्याही. हो म्हणणाऱ्या ढिगात मुलगे होते, तान्ही होती, म्हातारी होती, ज्यांच्या मुली कधी भवनात गेल्याच नव्हत्या अशीही घरं होती. पण भवनात जाऊन थांबलेली मुलगी ज्या घरात होती, त्यातलं एकही घर हो म्हणालं नव्हतं.

मी कागद गोळा करून बॅगेत घातले आणि बॅगेला कुलूप लावलं. असं मी कधी करत नसे.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या आत भाऊसाहेबांनी बोलावलं. भवनाच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती, एका बाजूला पूर्ण काच. खाली कोर्ट दिसायचं. विक्रांत शिट्टी वाजवून लहान पोरांना रांगेत पळवत होता.

"काय म्हणतंय गाव?" भाऊसाहेबांनी चहा पुढं सरकवला.

"अजून निम्मं काम आहे. पण हो म्हणणारे जास्त दिसतात. पूर्ण झालं की टक्केवारी देते."

"टक्केवारी मला कळत नाही, ताई. घरं कळतात."

"घरं देता येणार नाहीत, भाऊसाहेब. लोकांना आम्ही सांगतो की..."

"नाही म्हणणाऱ्यांची समजूत काढायची आहे, दुसरं काय? आपलीच माणसं. तुमच्या कागदावर घर नंबर असतो ना? ते कागद गजाननकडं द्या. पुढच्या शनिवारी द्या, घाई नाही."

त्यांनी बशीतला चहा संपवला, रुमालानं मिशा पुसल्या आणि सहज चौकशी करावी तसं विचारलं,

"शेट्यांची पोरगी होती का घरात, तुम्ही गेलात तेव्हा?"

"कुठली?"

"थोरली. ईश्वरी. ज्युदोत जिल्ह्याला गेली होती. चांगली पोर. एकदम यायची बंद झाली." ते काचेतून खाली पाहत होते. "आईला काय बोलली असंल का ती? तुम्हा बायकांना कळतं बघा असलं. तोंडावरनं."

खाली विक्रांतनं शिट्टी वाजवली. रांग थांबली.

"मी कराचं विचारायला गेले होते," मी म्हणाले.

"तर वो. कराचंच." ते हसले. "म्हणून तर तुम्हाला आणलं. कराचं विचारलं की माणूस खरं बोलतो. दुसरं काय विचारलं तर दार लावून घेतो."

जिना उतरताना मी कठडा धरला होता. मला जे आदल्या संध्याकाळी कळलं, ते या माणसाला आधीपासून माहीत होतं. भाच्यानं काय केलं हे त्याला माहीत होतं, कुणाच्या मुली येत होत्या हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की कुठल्या मुलीनं घरी तोंड उघडलंय. ते शोधायला त्याला घरोघर जाता येत नव्हतं. मला जाता येत होतं. हातात पेन, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, तोंडात गोड भाषा. लोकांनी मला दारात उभं केलं होतं, पाणी दिलं होतं.

गाव सोडून निघून जावं असं मनात आलं. पण मी गेले असते तर त्यानं दुसरं कुणी आणलं असतं. आणि गजाननच्या डोक्यात पेठेतली अर्धी घरं एव्हाना नोंदली गेलीच होती.

संक्रांत नुकतीच झाली होती. लॉजच्या मालकीणबाई, हर्षदाताई, दुपारी काठापदराची साडी नेसून जिन्यात भेटल्या. "हळदीकुंकवाला चाललेय मॅडम, शेट्यांकडं. एकट्या काय बसताय, चला की तुम्हीपण."

गजानन मोटारसायकलवरून आमच्या मागून आला. शेट्यांच्या फाटकाशी मात्र त्याला थांबावं लागलं. आत सगळ्या बायका. पुरुषानं पाय टाकायचा प्रश्नच नव्हता. तो पलीकडच्या पानपट्टीवर जाऊन उभा राहिला.

अलकावहिनींनी मला बघितलं आणि त्यांच्या हातातला कुंकवाचा करंडा क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी माझ्या कपाळाला बोट टेकवलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून चहाची गाळणी दिली. मी हळूच म्हटलं, "वहिनी, आत या जरा."

स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं मंद आचेवर होतं. मी आडवळण घेतलं नाही.

"तुम्ही परवा मला नाही म्हणालात. भाऊसाहेबांना नाही म्हणणारी घरं हवी आहेत. त्यांनी आज मला विचारलं, ईश्वरी घरात होती का."

त्यांनी गॅस बंद केला.

"तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

"कुणीच नाही. जिथं नाही, तिथं एक मुलगी आहे. एवढंच मला दिसलं."

बाहेर बायकांचं हसणं-बोलणं चाललं होतं. अलकावहिनी ओट्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. बोलल्या त्या जमिनीकडं बघत.

"दिवाळीच्या आधी एक दिवस घरी आली आणि तो ज्युदोचा पांढरा ड्रेस बंबात घालायला निघाली. मी म्हटलं, अगं नवा आहे. तर म्हणाली, आई, मला परत पाठवलंस तर मी घरातून जाईन. मग हळूहळू सांगितलं. सगळं नाही सांगितलं. सरांचे हात, आणि दार लावून घेणं, आणि कुणाला बोललीस तर तुझ्या बापाचं दुकान बघ, असं." त्यांनी पदरानं ओठ दाबले. "मला वाटलं आमचीच. मग डॉक्टरीणबाई एकदा बोलता बोलता रडल्या. मग सराफांच्या सूनबाई. आम्ही एकमेकींना स्पष्ट कधी बोललोच नाही. नुसतं विचारायचं, तुझी जाते का? नाही. माझीपण नाही. एवढंच."

"तक्रार कुणीच..."

"चौगुल्यांनी केली. पोलिसांत नव्हे, भाऊसाहेबांकडं गेले, आपला माणूस म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला. पुढच्या आठवड्यात चौगुल्यांच्या लेथच्या कारखान्याला सील. बेकायदा बांधकाम म्हणे. पोरीचा बाप तिथं तीस वर्षं काम करत होता. गेले निपाणीकडं कुठंतरी, पोरीला घेऊन. आणि आता तो विक्रांत भवनात तलाव करून घेणार आहे. पोहायला शिकवणार आहे. त्याला आम्ही पैसे द्यायचे!" शेवटचं वाक्य त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की बाहेरचं हसणं थांबलं.

दारात हर्षदाताई उभ्या होत्या. त्यांच्या मागं डॉक्टरीणबाई. त्यांच्या मागं आणखी कोणी कोणी. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांच्यात एक वच्छलाकाकू म्हणून होत्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, जाडजूड चष्म्याच्या. त्या पुढं येऊन पाटावर बसल्या.

"मला दोन मुलगे," त्या म्हणाल्या. "मी काल हो म्हणाले या पोरीला. म्हटलं, पोरांना खेळायला होईल." मग माझ्याकडं वळल्या. "ते माझं हो काढून टाक."

"काकू, तसं एकटं काढता येत नाही. आणि काढून तरी काय? बाकीची नाही म्हणणारी घरं उघडीच राहतील."

"मग परत विचार सगळ्या गावाला. सगळं गाव नाही म्हणालं तर शोधणार कुणाला?"

कुणीतरी हुंदका दिला. अलकावहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मी अडखळत म्हटलं, "काकू, आमच्या कामात एक गोष्ट पाळावीच लागते. उत्तर काय द्यायचं ते आम्ही सुचवायचं नसतं."

"तू कुठं सुचवतेयस?" काकू म्हणाल्या. "तू तिळगूळ खा."

त्या दिवसापासून संक्रांतीचं हळदीकुंकू बोरवंडीत गल्लोगल्ली सुरू झालं. कुंभार आळीत झालं, स्टँडमागच्या चाळीत झालं. जिथं हळदीकुंकू होत नाही तिथं, मोमीन मोहल्ल्यात, हर्षदाताई बांगड्या भरायच्या निमित्तानं स्वतः जाऊन आल्या. कुठल्याही मुलीचं नाव कुठंही घेतलं गेलं नाही. एवढंच सांगितलं गेलं, की भवनाचं विचारायला बाई येतील, नाही म्हणायचं. का, असं ज्यांनी विचारलं, त्यांच्याकडं सांगणारीनं नुसतं पाहिलं. बहुतेकींना तेवढं पुरलं.

मी पहाटे लॉजच्या मागच्या अंगणात गेले. बंब पेटला होता. आधीचे सगळे कागद, हो आणि नाही दोन्ही, मूठ मूठ करून त्यात घातले. पाणी तापलं, कुणीतरी त्यानं आंघोळही केली असेल. मग पुण्याला फोन करून साहेबांना म्हणाले, प्रश्नांचा क्रम चुकला होता, पहिल्यापासून करते.

गजाननला तेच सांगितलं. त्यानं माझ्या बॅगेकडं पाहिलं.

"आधीचे कागद कुठायत?"

"रद्द केले. रद्द कागद आम्ही ठेवत नाही."

त्यानं मोबाइल काढला, थोडं बाजूला जाऊन बोलला, परत आला आणि गाडी सुरू केली. त्या दिवसापासून बोळाच्या तोंडाशी मोटारसायकलच्या जोडीला एक जीपही उभी राहायला लागली. आतली माणसं उतरत नसत. इंजिन चालू असे.

आणि घरोघर मला एकच उत्तर मिळत गेलं. पत्र्याच्या खोलीतली बाई, जी आदल्या आठवड्यात तलावाचं ऐकून टाळ्या पिटत होती, ती चुलीतली राख ओढत म्हणाली, "न्हाई लिवा." रिक्षावाला म्हणाला, "कारभारीण न्हाई म्हणतीय, मग न्हाई." एका म्हाताऱ्यानं मला बसवून, पाणी देऊन, जीपकडं बघत, तिकडं ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात नाही म्हटलं. काही घरं घाबरून हो म्हणालीही. त्यांनी जे सांगितलं तेच मी लिहिलं. एवढ्या दारांतून एकच शब्द ऐकत जाणं सोपं नसतं. संपूर्ण गाव दार लावून आत श्वास रोखून बसलंय असं वाटायचं.

शेवटच्या दिवशी परत येताना गजाननानं नदीच्या पुलावर गाडी थांबवली. मला वाटलं, आता काहीतरी होणार. जीप मागंच होती.

"माझी बायको गेली होती त्या हळदीकुंकवाला," तो समोर बघत म्हणाला. "आल्यापासनं माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढती, बोलत न्हाई." थोडं थांबून तो म्हणाला, "मी नुसता वाट दाखवत होतो, मॅडम."

त्यानं पुन्हा किक मारली.

शनिवारी भाऊसाहेबांच्या खोलीत मी कागदांचे गठ्ठे त्यांच्या टेबलावर ठेवले. मागितले होते तसे, घर नंबरासकट. त्यांनी वरचा उचलला. खाली ठेवला. दुसरा उचलला. मधूनच ओढून पाहिले, शेवटचे पाहिले. काचेशेजारच्या खुर्चीत विक्रांत बसला होता, पायावर पाय टाकून. हळूहळू त्याचा पाय खाली आला.

"हे काय?" भाऊसाहेब म्हणाले.

"गावाचं मत. कर नको आहे."

"कुंभार आळी नाही म्हणती? मोमीन मोहल्ला? माझी स्वतःची गल्ली?"

"तुमच्या शेजारच्या घरानंही."

भाऊसाहेबांनी भाच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. घरातलं नासलेलं काहीतरी कुठं नेऊन टाकायचं याचा हिशेब करावा, तसं ते त्याच्याकडं पाहत होते.

"कुणी पढवलं त्यांना?" त्यांनी मला विचारलं.

"माझं काम विचारायचं होतं, भाऊसाहेब. मी विचारलं."

ते उठले, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले आणि बाप लेकीशी बोलतो तशा आवाजात म्हणाले, "पुण्याला एकट्याच राहता ना, ताई? गजानन सांगत होता. जपून राहा. गावं काय, विसरतात. माणसं विसरत नाहीत."

ती जीप माझ्या एसटीच्या मागं घाट संपेपर्यंत होती. कधी अंतर ठेवून, कधी अगदी मागच्या काचेला चिकटून. आतल्या माणसाचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता आणि तोही माझ्याकडंच बघत होता. घाटाच्या पायथ्याशी टपरीवर एसटी थांबली तर मी उतरले नाही. तहान लागली होती, तरी नाही.

कर रद्द झाला. वर्तमानपत्रात चौकट आली, जनमताचा आदर करून. विक्रांत सर बोरवंडीतून गेले. पुढं काय झालं तेही पुष्कळांनी वाचलं असेल. खटला उभा राहिला, रेंगाळला, साक्षीदार फुटले, काही फुटले नाहीत, आणि शेवटी शिक्षा झाली. भाऊसाहेबांना काहीच झालं नाही. ते अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात गेले. पण मला आठवतो तो त्या सगळ्याच्या आधीचा एक फोन. मार्च असेल. परीक्षांचे दिवस होते.

"मॅडम, अलका बोलतेय. बोरवंडीहून."

"बोला वहिनी. बऱ्या आहात ना?"

"तो विक्रांत कुठं गेलाय ते कळलं. पलीकडच्या जिल्ह्यात एक निवासी शाळा आहे, भाऊसाहेबांच्या व्याह्यांची. तिथं क्रीडा शिक्षक म्हणून लागलाय." त्यांचा श्वास ऐकू आला. "मुलींची शाळा आहे, मॅडम."

मी खुर्ची ओढून बसले.

"आपण सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं, आणि भाऊसाहेबांनी त्याला तिकडं नेऊन ठेवला," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरी वाचल्या म्हणून आम्ही देवाला नारळ फोडला. तिकडच्या आयांना कोण विचारायला जाणार?"

"वहिनी, मी येऊ का? मी काही..."

"तुम्ही नका येऊ. ईश्वरीनं काल रात्री ताटावरच सांगितलं, आई, मी नाव सांगते. माझं नाव सांगते. ह्यांनी ऐकलं आणि जेवण टाकून उठले. मला वाटलं चिडले. तर आत जाऊन कपाटातून तिचे ते फोटो, पदकं, सगळं पिशवीत भरून घेऊन आले. म्हणाले, पुरावा लागेल."

"आणि दुकान?"

"दुकानाला सकाळीच सील लागलं," अलकावहिनी म्हणाल्या. "ही पोलिसांकडं जायला घरातून निघायच्या आधीच. कसं कळतं त्यांना, देव जाणे." मागं कुठंतरी रिक्षाचा हॉर्न वाजत होता, पुन्हा पुन्हा. त्यांनी फोन तोंडापासून बाजूला धरला आणि कुणाला तरी ओरडून म्हणाल्या, "थांब म्हणावं त्याला. येतोय आम्ही. ईश्वरी चपला घालतेय."